याला टाका बसेल का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून आपण पायात काय घालावं, याचा सल्ला केंद्र सरकार देतं. अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे २,५०० चा जोड करासकट २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. कारागिराने शंभर रुपयांचं बरं चामडं जास्त लावलं की गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ रुपये जास्त जातात. पूर्वी ही रेषा हजारावर होती, ती वर सरकली आणि गरिबाच्या चपलेवरचा कर उतरला, हे चांगलंच झालं. पण रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून पाहा. तीन स्वस्त जोड घ्या, फाडा, फेका, पुन्हा घ्या, सरकारला तुमचं कौतुक आहे. एकच घेईन, चांगला घेईन, दहा वर्षं वापरीन असं म्हणालात, की तुम्ही चैनी. काढा १८ टक्के.

इकडे मोबाइलवर मात्र उलटं कीर्तन चालू आहे. ‘कमी घ्या, पण चांगलं घ्या.’ हा उपदेश करणारा तरुण दर रीलमध्ये नवा बूट घालून येतो, ते सोडा. उपदेश वाईट नाही. तो ऐकवला जातो भलत्याच माणसाला, आणि ‘चांगलं’ म्हणजे काय ते कोणी सांगत नाही, एवढीच काय ती अडचण.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे भाबडेपणा जाईल. धरून चाला, ७०० रुपयांचा बूट रोजच्या लोकल, बस आणि चालण्यात आठ महिने टिकतो. पाच वर्षांत आठ जोड, ५,६०० रुपये. दुसऱ्या बाजूला ४,००० चा शिवलेला चामडी बूट आणि मध्ये एकदा तळ बदलायचे ८००. झाले ४,८००. वाचले किती? आठशे. पाच वर्षांत आठशे, म्हणजे महिन्याला तेरा रुपये. तेरा रुपयांत आता धड वडापाव येत नाही. तेव्हा ‘चांगला बूट घ्या आणि श्रीमंत व्हा’ असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडे म्युच्युअल फंडाचा फॉर्मही असणार, सावध राहा. बचत होते ती वैतागाची. सात वेळा दुकान चढणं वाचतं, सात वेळा नवा बूट चावणं वाचतं आणि भर पावसात बुटाने वासलेला आ पाहायचं वाचतं.

शिवाय हे चार हजार एकरकमी लागतात, हप्त्याने नाही. बारा तासांच्या ड्युटीवर उभा असलेला वॉचमन, दिवसभर जिने चढणारा डिलिव्हरीवाला, वॉर्डात रात्र काढणारी आया. चांगल्या जोडाची गरज सगळ्यात जास्त त्यांना, आणि महिनाअखेरीला हातात सातशे असतात तेही त्यांच्याच. टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाने १९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’ या कादंबरीत हेच एका पोलीस कप्तानाच्या डोक्यात घातलंय. श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचा बूट घेतो आणि दहा वर्षं वापरतो. गरीब दहा-दहा डॉलरचे घेत राहतो, तेवढ्याच काळात शंभर डॉलर घालवतो आणि त्याचे पाय ओले ते ओलेच. गरिबी महाग पडते, हे अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा बुटाच्या जोडीने लवकर समजतं.

तेव्हा वॉचमनला उपदेश करू नका. त्याला पगार वाढवून द्या, बूट तो बघून घेईल. उपदेश करायचाच असेल, तर ज्याच्याकडे चार हजार आहेत आणि तरी जो आठशेचे पाच जोड घेतो, त्याला करा. म्हणजे मला, तुम्हाला आणि आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला.

*

सेक्रेटरीचं नाव घेतलंच आहे, तर त्यांच्या दारापर्यंत जाऊ. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे: ‘पॅसेजमध्ये पादत्राणे ठेवू नयेत.’ पाटीखालीच त्यांचं चपलांचं कपाट. दार उघडा. ऑफिसचा काळा बूट. ऑफिसचा तपकिरी बूट, जो कुठल्याच पँटवर जात नाही. मॉर्निंग वॉकचे बूट. सुरूच न झालेल्या मॉर्निंग वॉकचे बूट. जरीची मोजडी, कोणाच्या लग्नातली ते आता वधूवरांनाही आठवत नसेल. या पावसाळ्याच्या सँडल, गेल्या पावसाळ्याच्या सँडल, आणि त्यांना अजून सुटलेला त्याच्या आधीच्या पावसाळ्याचा वास. बाथरूमची स्लीपर, गॅलरीची स्लीपर, टाच दुखते म्हणून घेतलेली डॉक्टर चप्पल. ‘दोनवर एक फुकट’ मधला तो तिसरा, एक नंबर लहान, फुकट म्हणून घेतलेला. एवढी फौज बाळगून घरातून निघताना पाय जातो कुठे? त्या एका जुन्या, मऊ झालेल्या, अंगठा दोनदा शिवून घेतलेल्या चपलेत.

रामाच्या पादुकांच्या एका जोडावर भरताने अयोध्येचा कारभार चौदा वर्षं चालवला. आपल्याला शनिवारी भाजी आणायला कुठली घालू, हे ठरत नाही.

जास्त जोड म्हणजे जास्त सुख, यावर ज्यांचा गाढ विश्वास होता त्या फिलिपिन्सच्या इमेल्डा मार्कोस. १९८६ मध्ये नवऱ्याची सत्ता गेली, दोघांनी राजवाडा सोडून पळ काढला, आणि मागे कपाटांत हजाराहून जास्त जोड निघाले. त्यातले बरेच पुढे मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले. २०१२ मध्ये बातमी आली की ओल, बुरशी आणि वाळवीने त्यांची वाट लावली. जनतेला जे जमायला वीस वर्षं लागली, ते वाळवीने न बोलता केलं.

आपल्याकडे वाळवीचीही गरज पडत नाही. ‘जपून ठेवणे’ हा मराठी मध्यमवर्गाचा आवडता सद्गुण बुटांच्या बाबतीत चक्क दुर्गुण ठरतो. चांगला बूट आहे ना, मग रोज कशाला, पुतण्याच्या लग्नाला घालू. तो खोक्यात जातो, खोकं माळ्यावर जातं. तीन पावसाळे उलटतात. लग्नाच्या दिवशी तो निघतो, वरून कोरा करकरीत. हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत ठीक. मग मागून एखादा काका म्हणतो, ‘अरे, तुझं काहीतरी सांडतंय.’ खारी बिस्किटासारखा तळ गळत चाललेला असतो. स्टेजपर्यंतची वाट चुऱ्याने आखून निघते आणि आहेर देताना पायाखाली नुसता मोजा उरतो.

यात भूतबाधा नाही, रसायनशास्त्र आहे. हल्लीचे बरेच मऊ, हलके तळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेतली ओल त्यात शिरते आणि त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते. वापरात असलेला बूट त्यातल्या त्यात बरा राहतो. बंद खोक्यात, कोंदट माळ्यावर ठेवलेला बूट नुसता पडून मरतो. मुंबई-कोकणाच्या हवेत तर त्याला आमंत्रणच. आणि हे सातशेच्या बुटालाच होतं असं समजू नका, सात हजारांच्या बुटालाही होतं. पॉलियुरेथेनला एमआरपी वाचता येत नाही.

*

इथेच ‘चांगलं घ्या’ या उपदेशाची दुसरी गोम आहे. चांगलं ओळखायचं कशावरून? किमतीवरून? बुटाच्या किमतीत चामडं असतं, मजुरी असते, मॉलचं भाडं असतं आणि जाहिरातीत षटकार मारणाऱ्याचं मानधनही असतं. शेवटचं पायात घालता येत नाही. सवलतीवरून? ३,९९९ खोडून १,१९९ लिहिलेला बूट पूर्वी कधी ३,९९९ ला विकला गेला होता, याचा साक्षीदार मला अजून भेटायचाय. आतल्या शिक्क्यावरून? ‘जेन्युइन लेदर’ एवढंच सांगतं की यात कुठेतरी, कसलं तरी, थोडंफार खरं चामडं आहे. ते कुठल्या थराचं, किती जाडीचं आणि वर प्लास्टिकचा किती मुलामा चढवलाय, यावर शिक्का मौन पाळतो.

खरा परीक्षक मॉलमध्ये बसत नाही. तो बसस्टॉपच्या मागे, छत्रीखाली, एका लाकडी पेटीशी बसतो. परवा तिथे एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात उजवा बूट, पायात एकच मोजा.

‘काका, जरा चिकटवून द्या ना. मंडेला क्लायंट मीटिंग आहे.’

‘चिकटवून देतो. किती दिवस टिकंल ते इचारू नका.’

‘तीन महिनेपण नाही झाले हो. ब्रँडेड आहे.’

काकांनी बूट उलटा करून मांडीवर घेतला, रापीचं टोक फटीत घातलं आणि मनगट जरासं वळवलं. अर्धा तळ टपकन सुटला. ‘ही शिलाई बघा,’ त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. ‘दोरा दिसतोय का? नुसता छाप हाय.’ खरंच, तळाच्या कडेला रबरातच टाक्यांची नक्षी ओतलेली होती. मग त्यांनी तळ आतून दाखवला. मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ खणांची जाळी. बुटाच्या पोटात पाहिलं, तर घामाने फुगलेला पुठ्ठा. ‘टाका मारायचा कशात? आरी घातली की फाटणार.’ शेजारी एका एसटी कंडक्टरचा जाड काळा बूट पडला होता, कातडं सुरकुतलेलं पण अखंड. तो उचलून ते म्हणाले, ‘ह्याला तिसरा तळ चढवतोय.’

मुलाने सोल्युशन लावून घेतलं. काकांनी चाळीस मागितले. त्याच बुटाचे १,१९९ अवाक्षर न काढता भरणाऱ्या त्या मुलाने विचारलं, ‘तीस घ्या ना?’

चांगल्या जोडाची यापेक्षा सोपी व्याख्या मला माहीत नाही: ज्याला टाका बसतो तो चांगला. महाग असो, स्वस्त असो, देशी असो, इटालियन असो. जो उघडता येतो, ज्याचा झिजलेला भाग काढून नवा बसवता येतो, ज्यात आरी घुसली तरी माल फाटत नाही, तो बूट. बाकीचं सगळं पायात घालायचं पॅकिंग.

जगभरचे जाणकार ‘गुडइयर वेल्ट’ म्हणून ज्याचं कौतुक करतात, त्याच्या मुळाशीही हेच आहे. वरच्या चामड्याला आधी एक पट्टी शिवायची आणि तळ त्या पट्टीला शिवायचा. तळ झिजला की फक्त खालचा टाका कापायचा, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या शिलाईचं यंत्र आलं. त्याला ज्याचं नाव लागलं तो धाकटा चार्ल्स गुडइयर, रबरवाल्या गुडइयरचा मुलगा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी माणसाने यंत्रावर दुरुस्त करता येणारा बूट बनवला, आणि आज आपण त्या शिलाईचा छाप मारून बूट विकतो. प्रगती म्हणतात ती हीच.

*

आता दीडशे वर्षं मागे जायची आणि अमेरिकेला जायचीही गरज नाही. कोल्हापूरला जा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, तळाला म्हशीचं जाड चामडं, आणि जोडायला चामड्याचीच वादी. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. कारागिरांच्या घरात वेणी बहुतेक वेळा बायका विणतात, इतकी बारीक की चष्मा नाकावर आणून बघावं लागतं. पहिले काही दिवस ती चावते, तेल पिते, मग पायाची होते. पट्टा तुटला, शिवा. अंगठा सुटला, शिवा. तळ झिजला, खाली नवा थर लावा. टाका बसेल का, हा प्रश्न तिथे पडतच नाही. ती वस्तूच टाक्यांची आहे.

२०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नावर दोन राज्यांचं जे एकमत झालं नाही, ते चपलेवर झालं. या बातमीची तेव्हा आपण फारशी दखल घेतली नाही. मग जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला घालून पोरं चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. झालं! महाराष्ट्राचा स्वाभिमान तळपायापासून मस्तकापर्यंत पेटला. निषेधाचे मेसेज फिरले, जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जुलैत फेटाळली गेली. प्राडाने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. हे सगळे मेसेज पुढे ढकलत असताना आपल्या पायांत काय होतं? भोकाभोकांची फोमची स्लीपर.

प्राडाने नाव घेतलं नाही म्हणून आपण चिडलो, ते बरोबरच. पण आपण नाव घेतो ते कशाचं? फुटपाथवर अडीचशेला मिळणारी, रेक्झिनची, सोल्युशनने चिकटवलेली आणि सोनेरी गोंडा लावलेली जी वस्तू आपण ‘कोल्हापुरी’ म्हणून आणतो, तिचा कोल्हापूरशी संबंध मिलानपेक्षाही कमी. त्या बिचाऱ्यांनी निदान चामडं तरी वापरलं होतं. आणि खुद्द कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत जाऊन आपण करतो काय? ‘बाराशे? काहीतरीच! आठशेला द्या.’ अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा आणि कारागिराच्या पोटावर चारशेचा पाय, अशी आपली सहल पूर्ण होते. आता अस्सल मालाला क्यूआर कोड द्यायला सुरुवात झाली आहे. कोड स्कॅन करा, कारागीर कोण ते वाचा, आणि मग घासाघीस करून दाखवा.

*

‘पण मोठ्या ब्रँडचा बूट पायाला बसतो तरी’, असं कोणी म्हणेल. बसतो? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय यंत्राने मोजले. निघालं काय? आपला पाय सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेच्या पायापेक्षा रुंद. आणि बूट घेतो त्यांच्या नंबराचे. रुंदी पुरत नाही म्हणून आपण लांबी वाढवतो, एक नंबर मोठा घेतो. मग टाच सटकते, चवडा आवळतो, करंगळीवर कुरूप येतं, आणि कुरुपावर लावायची पट्टी घ्यायला आपण त्याच बुटातून लंगडत मेडिकलमध्ये जातो. या पाहणीवरून भारतीय पायासाठी ‘भा’ नावाची नवी मापं सुचवली गेली. दुकानात मात्र अजून ‘सात का आठ?’ एवढंच विचारतात. रुंदी विचारणारा दुकानदार भेटला तर त्याचा सत्कार करा.

तेव्हा चांगल्या जोडाची दुसरी अट अशी की तो आपल्या पायाचा हवा. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजून जरा मोठा होतो. दोन्ही पायांत घाला, एकात घालून आरशासमोर बगळा होऊ नका. दुकानात चाला. सेल्समन म्हणेल, ‘वापरून सैल होईल सर.’ चामडं होईल, रेक्झिन होणार नाही. रेक्झिन सैल होत नाही, सरळ फाटतं.

*

‘कमी आणि चांगले’ हा नियम डोळे मिटून सगळीकडे लावायचाही नाही. वाढत्या पायाच्या पोराला चार हजारांचा बूट घेणं म्हणजे पैसे उकिरड्यात. त्याला एक नंबर मोठा घ्या, पुढे कापूस कोंबा. आपण सगळे असेच वाढलो आणि विशेष बिघडलो नाही. शाळेने काळा वेगळा, पांढरा कॅनव्हास वेगळा आणि खेळाचा तिसरा सांगितला, तर पालकसभेत उठून विचारा की पोराला पाय किती आहेत. पावसाळ्यात चामडं बाहेर काढू नका. जून ते सप्टेंबर प्लास्टिकचंच राज्य, कोल्हापुरीने चिखल तुडवणं हे शौर्य नाही, हत्या आहे. रोज पळणाऱ्याचे बूटही यात येत नाहीत. त्यांचा फोम पाचशे-आठशे किलोमीटरमध्ये दबतो आणि ते बदलावेच लागतात. मात्र ही सवलत पळणाऱ्याला आहे. मॅरेथॉनचे चौदा हजारांचे बूट घालून पार्किंगपासून लिफ्टपर्यंत जाणाऱ्याला नाही.

आणि रोजचे जोड एक नाही, दोन ठेवा. चामड्याला घाम सुकवायला एक दिवस सुट्टी लागते. आज हा, उद्या तो. सुट्टीवरच्या बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा, ओल शोषून घेतो. हे सदर छापलेलं पान त्यासाठी फारच उत्तम, शाई कोरडी आहे.

उरला शेवटचा आणि सगळ्यात मराठी आक्षेप: चांगली चप्पल देवळाबाहेर चोरीला जाते. म्हणून देवाला जाताना फाटकी, लग्नाला जाताना जुनी, डोहाळजेवणाला पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. ‘हम आपके हैं कौन’ आल्यापासून, म्हणजे १९९४ पासून, लग्नात नवरदेवाचा बूट राजरोस पळवायची सोयही झाली आहे. मला विचाराल तर उलटं करा. चपला सांभाळायला देऊन पाच रुपयांचं टोकन घ्या. पाच रुपये वाचवण्यासाठी आयुष्यभर भिकार चप्पल घालणं हा हिशेब देवालाही पटणार नाही.

*

राहता राहिले छत्रीखालचे काका. सरकारी कागदावर ते ‘गटई कामगार’ आहेत. त्यांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल द्यायची योजना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची आहे, आणि त्याच रस्त्यावरून त्यांची पेटी उचलून नेणारी अतिक्रमणविरोधी गाडी महापालिकेची. एक सरकार स्टॉल देतं, दुसरं जागा देत नाही. आषाढी वारीत संतांच्या पादुका चांदीच्या रथातून पंढरपूरला निघतात. वाटेत वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला कितीतरी गटई कामगार फुकट शिवून देतात, सेवा म्हणून. पादुकांपुढे आपण हात जोडतो. पायातलं शिवणाऱ्याला मात्र शतकानुशतकं वेशीबाहेर बसवलं आणि आता फुटपाथवरूनही उठवतो. त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत, आणि का यावीत? ज्या कामाला मान नाही, जागा नाही आणि तीस-चाळीसचीही घासाघीस आहे, त्यात मुलाला घालायला कोणाचा बाप तयार होईल?

पण एक ध्यानात ठेवा. काका उठले की चांगला बूटही संपला. चार हजारांचा शिवलेला जोड घेतलात आणि तळ बदलणारा माणूस शहरात उरला नाही, तर तोही महागातला एक वापरा-आणि-फेकाच.

म्हणून पुढचा जोड घ्यायला जाल तेव्हा किती टक्के सूट, ते विचारू नका. उलटा करून कडेचा टाका नखाने कोरून पाहा: दोरा आहे की छाप. दुकानदाराला सरळ विचारा, ‘तळ झिजला तर बदलून मिळेल का?’ तो हसला, तर बूट खाली ठेवून बाहेर पडा. हो म्हणाला आणि पाय सुखावला, तर जीएसटीसकट मोजा. घरी येऊन कपाटातले न लागणारे जोड फाटायच्या आत लागणाऱ्याला देऊन टाका. आणि कोपऱ्यावरच्या काकांनी चाळीस मागितले, तर चाळीसच द्या.